सरकार विकते तेव्हा नेमके काय विकले जाते? : नवख्या मुंबईकरांसाठी निर्गुंतवणुकीची पायरीवार ओळख

चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून जमशेटजी टाटा मार्गाने चालू लागले की हिंदुस्तान पेट्रोलियमचे 'पेट्रोलियम हाउस' लागते. तिथून पुढे मादाम कामा मार्गावर भारतीय नौवहन महामंडळाचे, म्हणजे शिपिंग कॉर्पोरेशनचे 'शिपिंग हाउस' आहे आणि नरिमन पॉइंटला समुद्राकडे तोंड करून एअर इंडियाची जुनी इमारत उभी आहे. या तिन्ही वास्तूंच्या संदर्भात गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांनी 'निर्गुंतवणूक', म्हणजे सरकारने आपला हिस्सा विकणे, आणि 'विक्री' हेच शब्द वापरले. प्रत्यक्षात हिंदुस्तान पेट्रोलियममधील सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा जानेवारी २०१८ मध्ये ३६,९१५ कोटी रुपयांना ओएनजीसी या दुसऱ्या सरकारी कंपनीने घेतला, शिपिंग हाउस वेगळे काढून एका नव्या सरकारी कंपनीच्या नावावर करण्यात आले आणि एअर इंडियाची इमारत १,६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र शासनाने घेण्याचे ठरले. तिन्हींपैकी एकही व्यवहार खासगी मालकाशी झालेला नाही. याउलट एअर इंडिया ही विमान कंपनी मात्र खरोखरच खासगी झाली, आणि तिच्या मालकाचे, म्हणजे टाटा समूहाचे मुख्यालय 'बॉम्बे हाउस' फोर्टमध्ये, म्हणजे याच परिसरात आहे.

सरकारी कंपनीचे शेअर प्रथमच घेऊ पाहणाऱ्यांसाठी, अशा कंपनीत नोकरीस असलेल्यांसाठी, किंवा केवळ बातमी नीट समजावी अशी इच्छा असणाऱ्यांसाठी हा लेख आहे. प्रत्येक बातमीला तीन प्रश्न विचारावेत, एवढाच त्याचा आग्रह आहे : काय विकले जात आहे, ताबा कोणाकडे जात आहे आणि पैसे कोणाच्या खात्यात जमा होत आहेत. पुढील पायऱ्या त्या तीन प्रश्नांची उत्तरे कुठे आणि कशी शोधायची हे सांगतात.

पायरी १ : विकणारा कोण, ते ओळखा

केंद्र सरकारच्या मालकीचे शेअर विकण्याचे काम अर्थ मंत्रालयातील 'गुंतवणूक आणि सार्वजनिक मालमत्ता व्यवस्थापन विभाग' करतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'दीपम' म्हणतात. सरकारी कंपन्यांतील हिस्सा विकण्यास १९९१-९२ मध्ये सुरुवात झाली, परंतु त्यासाठी स्वतंत्र विभाग डिसेंबर १९९९ मध्ये स्थापन झाला. काही काळ तर निर्गुंतवणुकीचे स्वतंत्र मंत्रालयच होते. २००४ मध्ये ते पुन्हा अर्थ मंत्रालयाखालचा विभाग झाले आणि १४ एप्रिल २०१६ रोजी त्याला आजचे नाव मिळाले. नावातून 'निर्गुंतवणूक' हा शब्द गेला आणि 'व्यवस्थापन' आला, हा बदल केवळ शोभेचा नाही. सरकारी कंपन्यांनी किती लाभांश द्यावा, शेअरची पुनर्खरेदी कधी करावी, बोनस शेअर कधी द्यावेत, याची मार्गदर्शक तत्त्वेही हाच विभाग ठरवतो. नोव्हेंबर २०२४ च्या सुधारित तत्त्वांनुसार सरकारी कंपनीने करोत्तर नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मूल्याच्या (नेट वर्थच्या) ४ टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेवढा किमान लाभांश देणे अपेक्षित आहे. सरकारी कंपन्यांचे शेअर 'लाभांशाचे शेअर' म्हणून का ओळखले जातात, त्याचे बरेचसे उत्तर या एका नियमात आहे.

नवखा माणूस येथे एक चूक हमखास करतो. सरकारची प्रत्येक विक्री दीपमच करते, असे तो धरून चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या टोलचे हक्क राज्याच्या रस्ते विकास महामंडळाने दिले, दीपमने नव्हे. गिरण्यांच्या जमिनी वस्त्रोद्योग मंत्रालयाखालच्या महामंडळाने विकल्या. म्हणून बातमीत 'सरकार' हा शब्द दिसला की आधी केंद्र की राज्य, आणि मग कोणता विभाग, हे शोधावे. तक्रार, माहितीचा अर्ज किंवा न्यायालयीन दाद यांचा पत्ता त्यावरच ठरतो.

पायरी २ : विक्रीचा प्रकार ठरवा

या पायरीवर घाई करू नये, कारण पुढचे सर्व काही तिच्यावर उभे आहे.

पहिला प्रकार अल्प हिस्सा विकण्याचा. कंपनी प्रथमच बाजारात येत असेल तर तो आयपीओ आणि आधीपासून नोंदलेली असेल तर बहुधा 'ऑफर फॉर सेल', म्हणजे ओएफएस. यात सरकारचा वाटा कमी होतो, पण कंपनी सरकारीच राहते. कंपनी कायद्यानुसार ज्या कंपनीत सरकारचे किमान ५१ टक्के भागभांडवल आहे ती सरकारी कंपनी ठरते. सरकार १०० वरून ७५ वर आले काय किंवा ७५ वरून ६० वर आले काय, महालेखापरीक्षकांची तपासणी चालू राहते, माहितीचा अधिकार लागू राहतो आणि अध्यक्ष नेमण्याचा अधिकार दिल्लीतच राहतो. याला खासगीकरण म्हणणे चूक आहे, जरी भाषणांत आणि मोर्च्यांत ते सर्रास म्हटले जात असले तरी.

दुसरा प्रकार धोरणात्मक विक्रीचा. यात मोठा हिस्सा आणि त्याबरोबर व्यवस्थापनाचा ताबा एकाच खरेदीदाराला दिला जातो. खरेदीदार खासगी असेल तर ते खरे खासगीकरण, तो दुसरी सरकारी कंपनी असेल तर ताबा एका सरकारी खिशातून दुसऱ्या सरकारी खिशात जातो. हिंदुस्तान पेट्रोलियमच्या व्यवहारात नेमके हेच झाले. २०१७-१८ या वर्षी निर्गुंतवणुकीची रक्कम प्रथमच एक लाख कोटींच्या पुढे गेली असे अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा त्यातील एक तृतीयांशाहून अधिक रक्कम ओएनजीसीच्या तिजोरीतून आली होती, हेही लक्षात ठेवावे.

तिसरा प्रकार मालमत्ता चलनीकरणाचा. येथे मालकी हलत नाही, ठरावीक मुदतीसाठी उत्पन्नाचा हक्क दिला जातो. द्रुतगती मार्गाचे उदाहरण मुंबईकरांच्या रोजच्या परिचयाचे आहे : २०२० मध्ये सुमारे दहा वर्षांचे टोलवसुलीचे हक्क ८,२६२ कोटी रुपयांना देण्यात आले, मात्र रस्ता सार्वजनिकच राहिला. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलेली सहा लाख कोटी रुपयांची राष्ट्रीय चलनीकरण योजना याच जातीची होती.

चौथा प्रकार जमिनीचा, आणि त्याकडे शेवटी येऊ.

कोणती कंपनी कोणत्या प्रकारात जाऊ शकते याचा साधारण अंदाज फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर झालेल्या धोरणावरून येतो. अणुऊर्जा, अवकाश व संरक्षण; वाहतूक व दूरसंचार; वीज, पेट्रोलियम, कोळसा व इतर खनिजे; आणि बँका, विमा व वित्तसेवा अशी चार क्षेत्रे धोरणात्मक मानली गेली. त्यांत सरकारने किमान उपस्थिती ठेवावी आणि उरलेल्या क्षेत्रांतील उपक्रम खासगी करावेत किंवा बंद करावेत, असे ठरले. धोरणाचा कागद आणि प्रत्यक्ष वेग यांतील अंतर मात्र मोठे आहे. २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात निर्गुंतवणुकीचे उद्दिष्ट १.७५ लाख कोटी होते आणि हाती आले सुमारे साडेतेरा हजार कोटी. पुढे २०२४-२५ पासून निर्गुंतवणुकीचा आकडा वेगळा दाखवणेच बंद झाले. तो आता 'संकीर्ण भांडवली जमा' या शीर्षाखाली शोधावा लागतो.

पायरी ३ : कागदपत्रांची तयारी

पॅन, त्याच्याशी जोडलेला आधार, बचत खाते आणि डीमॅट खाते एवढे पुरेसे आहे. डीमॅट खाते बँकेत किंवा नोंदणीकृत ब्रोकरकडे उघडता येते. आपले शेअर प्रत्यक्षात एनएसडीएल किंवा सीडीएसएल यांपैकी एका डिपॉझिटरीत, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणाऱ्या संस्थेत राहतात, त्यामुळे ब्रोकर बदलला वा बंद पडला तरी शेअर आपलेच असतात. खाते उघडताना नामनिर्देशित व्यक्तीचे (नॉमिनीचे) नाव भरण्याची टाळाटाळ करू नये. ब्रोकरच्या पावतीवर विसंबण्यापेक्षा डिपॉझिटरीकडून येणारे एकत्रित विवरण दरमहा पाहण्याची सवय लावावी.

'सरकारी कंपनीचे शेअर बाजारात येण्याआधीच स्वस्तात मिळवून देतो' असा निरोप व्हॉट्सॲपवर आला, तर तो पुढे पाठवण्याऐवजी पुसून टाकावा. दीपम कोणत्याही व्यक्तीच्या खात्यावर पैसे मागवून शेअर देत नाही. सर्व अर्ज बँक, ब्रोकर आणि शेअर बाजाराच्या यंत्रणेतूनच जातात.

पायरी ४ : आयपीओ आला तर

मे २०२२ मध्ये आलेला आयुर्विमा महामंडळाचा, म्हणजे एलआयसीचा आयपीओ शिकण्यास उत्तम आहे, कारण त्यात नवख्याला पडणारे बहुतेक प्रश्न एकाच ठिकाणी भेटतात. माझ्या ओळखीतील अनेक घरांत पहिले डीमॅट खाते त्याच निमित्ताने उघडले गेले. पॉलिसीधारकांसाठी १० टक्के शेअर राखीव होते, परंतु त्यासाठी पॉलिसीला पॅन जोडलेला असणे आवश्यक होते, आणि वडिलांच्या नावे पॉलिसी व मुलाच्या नावे डीमॅट अशी परिस्थिती असलेल्यांना त्या राखीव वाट्याचा लाभ घेता आला नाही.

अर्ज भरण्यापूर्वी माहितीपत्रकात सर्वप्रथम हे पाहावे की विकले जाणारे शेअर नवे आहेत की सरकारकडचे जुने. नवे असतील तर पैसे कंपनीच्या विस्तारासाठी जातात, जुने असतील तर सरकारच्या तिजोरीत. एलआयसीच्या आयपीओत कंपनीला एक रुपयाही मिळाला नाही. साडेतीन टक्के हिस्सा, म्हणजे सुमारे २२.१३ कोटी शेअर सरकारने विकले आणि सुमारे २०,५५७ कोटी रुपये सरकारकडे गेले. त्यानंतर किंमतपट्टा आणि लॉट, म्हणजे अर्जात किमान घ्यावा लागणारा शेअरचा गठ्ठा, पाहावा. तेथे पट्टा ९०२ ते ९४९ रुपयांचा आणि लॉट १५ शेअरचा होता. अखेरीस दर ९४९ ठरला, किरकोळ अर्जदारांना व कर्मचाऱ्यांना ४५ रुपयांची आणि पॉलिसीधारकांना ६० रुपयांची सूट मिळाली. पॉलिसीधारकाला एक लॉट १३,३३५ रुपयांना पडला.

अर्ज बँकेच्या 'आस्बा' सुविधेतून किंवा यूपीआयने करता येतो. दोन्हींत रक्कम खात्यातच गोठवली जाते आणि शेअर मिळाले तरच वळती होते. किरकोळ गटाची मर्यादा दोन लाख रुपयांची आहे. 'कट-ऑफ' हा पर्याय निवडावा, म्हणजे जो अंतिम दर ठरेल तो आपल्याला मान्य आहे असे मानले जाते. यूपीआयने अर्ज केल्यास फोनवर येणारी मंजुरीची सूचना स्वीकारण्यास विसरू नये. ती राहून गेल्यामुळे बाद झालेले अर्ज मी पाहिले आहेत आणि त्यावर कोणताही उपाय नसतो. मागणी फार झाली तर किरकोळ गटात सोडत निघते आणि भाग्यवंताला एकच लॉट मिळतो. म्हणून एका पॅनवर मोठा अर्ज करण्यात फारसा अर्थ नसतो, आणि एकाच गटात एकाच पॅनवर दोन अर्ज केल्यास दोन्ही बाद होतात.

आता या गोष्टीचा कडू भाग. १७ मे २०२२ रोजी मुंबई शेअर बाजारात एलआयसीचा शेअर ८६७ रुपये २० पैशांना उघडला. सर्वाधिक सूट मिळालेल्या पॉलिसीधारकालाही तो ८८९ ला पडला होता, म्हणजे पहिल्याच क्षणी तोही तोट्यात होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच शेअरने एक हजाराची पातळी ओलांडली, परंतु तोवर थांबण्याची तयारी आणि गरज नसलेले पैसे दोन्ही असणाऱ्यालाच त्याचा उपयोग झाला. याच्या शेजारी माझगाव डॉक या सरकारी जहाजबांधणी कंपनीचे उदाहरण ठेवावे. ऑक्टोबर २०२० मध्ये १४५ रुपयांना दिलेला हा शेअर पहिल्याच दिवसापासून नफ्यात राहिला, मात्र त्याला दीडशे पटींहून अधिक मागणी असल्याने बहुतेकांच्या हाती काहीच लागले नव्हते. ज्या आयपीओत शेअर सहज मिळतो तेथे सावधपणे पाहावे आणि ज्यात मिळत नाही तेथे हळहळ करत बसू नये, असे माझे मत आहे.

पायरी ५ : ओएफएस आला तर

ओएफएस दोन दिवसांत आटोपते आणि त्याची बातमी बहुधा आदल्या संध्याकाळी बाजार बंद झाल्यावर येते. पहिला दिवस मोठ्या गुंतवणूकदारांचा आणि दुसरा किरकोळ गुंतवणूकदारांचा असतो. किरकोळ गटासाठी किमान १० टक्के शेअर राखीव असतात आणि येथेही बोलीची मर्यादा दोन लाखांची आहे. सरकार एक तळदर जाहीर करते, त्याच्या खाली बोली लावता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये माझगाव डॉकमधील ४.८३ टक्क्यांपर्यंत हिस्सा विकण्यास काढला गेला तेव्हा तळदर २,५२५ रुपये होता, बाजारभावाहून कमी. मध्यंतरी या शेअरचे दोन भागांत विभाजन झाले असल्याने २०२० चा १४५ चा दर आता साडेबहात्तर समजावा, आणि मग सरकारने थांबून विकल्याने काय साधले याचा हिशेब आपोआप होतो. त्या विक्रीनंतरही सरकारचा वाटा ८० टक्क्यांहून खाली आला नाही. जहाजबांधणी सरकारच्याच ताब्यात राहिली.

आयपीओपेक्षा येथे फरक असा की बोली ब्रोकरच्या ॲपवरील ओएफएस विभागातून लावायची असते आणि पूर्ण रक्कम ट्रेडिंग खात्यात आधी असावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारभाव पाहूनच बोली लावावी. मोठी विक्री जाहीर झाली की बाजारभाव अनेकदा तळदराजवळ घसरतो, आणि तसे झाल्यास ओएफएसच्या खटाटोपात पडण्याऐवजी साधी बाजारखरेदी बरी.

एकेक कंपनी निवडण्याची इच्छा नसेल त्यांच्यासाठी २०१४ पासूनचा सीपीएसई ईटीएफ आणि २०१७ पासूनचा भारत-२२ ईटीएफ हे पर्याय आहेत; ईटीएफ म्हणजे अनेक कंपन्यांचे शेअर एकत्र असलेला फंड. सरकारने आपला हिस्सा विकण्यासाठीच ते निर्माण केले आणि आता ते बाजारात इतर शेअरप्रमाणे घेता-विकता येतात. विकताना कर लागतो : वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर विकल्यास सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत.

पायरी ६ : धोरणात्मक विक्रीची बातमी टप्प्यांनुसार वाचा

यात सामान्य माणूस बोली लावू शकत नाही, परंतु शेअरधारक, कर्मचारी आणि करदाता म्हणून त्याचा संबंध येथेच सर्वाधिक येतो. एअर इंडियाचा व्यवहार टप्प्याटप्प्याने पाहिला की बाकीच्या बातम्या वाचणे सोपे जाते.

मार्च २०१८ मध्ये सरकारने ७६ टक्के हिस्सा विकण्यास काढला तेव्हा मुदत संपेपर्यंत एकही खरेदीदार आला नाही. उरलेला २४ टक्के हिस्सा धरून बसलेला सरकारी भागीदार कोणालाच नको होता. २७ जानेवारी २०२० रोजी १०० टक्के विक्रीसाठी प्राथमिक माहितीपत्रक प्रसिद्ध झाले आणि इरादापत्रे, म्हणजे खरेदीत रस असल्याचे कळवणारी पत्रे मागवण्यात आली. त्यात खरेदीदाराने २३ हजार कोटींहून अधिक कर्ज उचलावे अशी अट होती, मग करोनाची साथ आली आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढली. ऑक्टोबर २०२० मध्ये अट बदलली : किती कर्ज घ्यायचे ते बोली लावणाऱ्यानेच ठरवावे, फक्त एकूण मूल्याच्या किमान १५ टक्के रोख द्यावेत. इरादापत्रे देणाऱ्यांची छाननी झाली, पात्र ठरलेल्यांना गोपनीयतेच्या करारानंतर कंपनीची कागदपत्रे पाहू देण्यात आली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आर्थिक बोल्या आल्या. सरकारची राखीव किंमत १२,९०६ कोटी होती, दुसऱ्या क्रमांकाची बोली १५,१०० कोटींची आणि टाटांच्या टॅलेस कंपनीची १८,००० कोटींची. ८ ऑक्टोबर २०२१ रोजी निर्णय जाहीर झाला, त्याच महिन्यात करार झाला आणि २७ जानेवारी २०२२ रोजी ताबा गेला.

'अठरा हजार कोटींना विकली' हे वाक्य आपण सर्वांनी वाचले, पण सरकारला रोख २,७०० कोटीच मिळाले. बाकीचे १५,३०० कोटी हे खरेदीदाराने उचललेले कर्ज होते. ऑगस्ट २०२१ अखेर कंपनीवरील ६१,५६२ कोटींच्या देण्यांपैकी उरलेली ४६,२६२ कोटींची देणी सरकारच्याच 'एअर इंडिया ॲसेट्स होल्डिंग' या कंपनीकडे आली, आणि त्याबरोबर जमिनी व इमारतीही. नरिमन पॉइंटची इमारत तेव्हाच टाटांच्या व्यवहारातून बाहेर राहिली होती. ती पुढे महाराष्ट्र शासनाकडे कशी गेली, याचे कोडे येथे सुटते. अशा बातमीत म्हणूनच नेहमी रोख किती, कर्ज किती आणि वगळलेली मालमत्ता कोणती, हे तीन आकडे वेगळे मांडावेत.

दुसरे, इरादापत्र मागवले म्हणजे विक्री झाली असे समजू नये. भारत पेट्रोलियममधील ५२.९८ टक्के हिश्श्यासाठी मार्च २०२० मध्ये इरादापत्रे मागवली गेली, शेवटी एकच इच्छुक उरला आणि मे २०२२ मध्ये प्रक्रिया मागे घेण्यात आली. माहुलच्या रिफायनरीत काम करणाऱ्यांनी ती दोन वर्षे कशी काढली असतील याची कल्पना करता येते. या कंपनीची गोष्ट त्याआधीही एकदा अडली होती. सप्टेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्या तेल कंपन्या संसदेच्या कायद्याने राष्ट्रीयीकृत झाल्या त्यांचा ताबा कायदा बदलल्याशिवाय खासगी हाती देता येणार नाही. ते कायदे २०१६ मध्ये रद्द झाले, तेव्हा मार्ग मोकळा झाला. आयडीबीआय बँकेसाठी, जिचे मुख्यालय कफ परेडला आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकार आणि एलआयसी यांच्या मिळून ६०.७२ टक्के हिश्श्याची इरादापत्रे मागवली गेली, आणि तेथे खरेदीदाराची पात्रता तपासणारी रिझर्व्ह बँक हा आणखी एक टप्पा जोडला गेला. प्रत्येक टप्प्यावर शेअरचा भाव उसळतो आणि पडतो. त्या लाटेवर पैसे लावणे हा नवख्याचा खेळ नव्हे.

मूल्यांकनाबद्दल मुंबईकराला शंका वाटणे स्वाभाविक आहे, कारण विमानतळाजवळचे सरकारी सेंटॉर हॉटेल २००२ मध्ये ८३ कोटींना विकले गेले आणि घेणाऱ्याने काही महिन्यांतच ते ११५ कोटींना दुसऱ्याला दिले. त्यावरून संसदेत बराच गदारोळ झाला. एअर इंडियाच्या करारात खरेदीदाराने ५१ टक्के हिस्सा किमान वर्षभर आणि व्यवसाय किमान तीन वर्षे चालू ठेवावा, अशा अटी होत्या. नवा करार वाचताना अशी 'लॉक-इन'ची अट आहे का, हे आधी शोधावे.

पायरी ७ : आपण तेथे नोकरीस असाल, किंवा शेअर आधीपासून असतील

कर्मचाऱ्याने शेअर खरेदी करारातील सेवाअटींचा भाग मिळवून वाचावा, संघटनेच्या पत्रकावर थांबू नये. एअर इंडियात पहिले वर्ष कोणालाही कामावरून काढायचे नाही आणि दुसऱ्या वर्षी काढल्यास स्वेच्छानिवृत्ती योजना द्यावी, अशी अट होती. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तांची वैद्यकीय सोय यांची तरतूद होती. कंपनीची वसाहत ही मात्र वेगळी बाब असते. कालिन्याच्या वसाहतीतील कुटुंबांनी घरे रिकामी करण्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. घर हा सेवाअटीचा भाग आहे की केवळ परवानगी, हे आपल्या वाटपपत्रावरून आताच तपासावे.

नोंदलेल्या कंपनीचा ताबा बदलला तर नव्या मालकाला इतर भागधारकांकडून आणखी किमान २६ टक्के शेअर घेण्याचा खुला प्रस्ताव ठेवावा लागतो. हा शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीचा सर्वसाधारण नियम आहे. त्याचे पत्र आले तर दर आणि मुदत पाहून निर्णय घ्यावा. काही वेळा डीमॅट खात्यात अनोळखी शेअर दिसू लागतात. शिपिंग कॉर्पोरेशनच्या भागधारकांना प्रत्येक शेअरमागे 'एससीआय लँड अँड ॲसेट्स' या नव्या कंपनीचा एक शेअर मिळाला आणि मार्च २०२४ मध्ये तो बाजारात नोंदला गेला. नियोजित विक्रीपूर्वी शिपिंग हाउस आणि पवईची सागरी प्रशिक्षण संस्था वेगळी काढण्यासाठी केलेली ती तजवीज होती.

पायरी ८ : जमीन विकली जात असेल तर

मुंबईत सरकारी कंपनीपेक्षा तिच्या पायाखालची जमीन मोलाची असते, आणि हे गिरणगावाइतके कोणाला ठाऊक नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने ज्युपिटर, अपोलो, एल्फिन्स्टन, मुंबई टेक्स्टाइल आणि कोहिनूर क्रमांक ३ या गिरण्यांच्या जमिनी विकल्या. एकट्या मुंबई टेक्स्टाइलचे ७०२ कोटी आणि दादरच्या कोहिनूरचे ४२१ कोटी आले. मोकळी जागा, परवडणारी घरे आणि विकासक यांच्यात जमीन कशी वाटायची यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मार्च २००६ मध्ये विक्री कायम राहिली. त्याच महामंडळाची इंदू मिलची सुमारे १२ एकर जमीन मात्र बाजारात न जाता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी राज्याकडे आली. म्हणजे सरकारी जमिनीचे काय होईल हे केवळ बाजार ठरवत नाही.

अशा बातमीत विकास आराखड्यातील आरक्षण, जमीन मालकीची आहे की भाडेपट्ट्याची, आणि पट्टा देणारा कोण, या तीन गोष्टी तपासाव्यात. महापालिकेच्या संकेतस्थळावर विकास आराखडा पाहता येतो. केंद्रीय उपक्रमांच्या अतिरिक्त जमिनींसाठी २०२२ मध्ये पाच हजार कोटींच्या अधिकृत भांडवलाचे राष्ट्रीय भूमी चलनीकरण महामंडळ मंजूर झाले. त्याच्या कारभाराशी सार्वजनिक उपक्रम विभागाचा संबंध आहे, दीपमचा नव्हे.

पायरी ९ : माहिती मागवा

दीपमच्या संकेतस्थळावर प्राथमिक माहितीपत्रके, बोली लावणाऱ्यांच्या शंकांना दिलेली उत्तरे आणि वर्षनिहाय जमा रकमा असतात. शंकांची उत्तरे हा त्यातील सर्वांत वाचनीय भाग, कारण खरेदीदाराला कशाची भीती वाटते ते तेथे कळते. त्यापलीकडे हवे असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर दहा रुपये भरून करता येतो. दादरला घरी बसून दिल्लीच्या विभागाकडे अर्ज जातो. प्रक्रिया चालू असताना मूल्यांकनाचा अहवाल मागितल्यास व्यापारी गोपनीयतेचे कलम दाखवून आणि मंत्रिमंडळाची टिपणी मागितल्यास दुसऱ्या कलमाखाली नकार येतो. म्हणून व्यवहार पूर्ण झाल्यावर मागावे, आणि प्रश्न नेमका ठेवावा : अमुक तारखेच्या करारातील सेवाअटींच्या परिशिष्टाची प्रत, अमुक वर्षात जमा झालेली रोख रक्कम, अमुक सल्लागाराला दिलेले शुल्क. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते अपुरे वाटल्यास पुढील तीस दिवसांत त्याच विभागातील अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते आणि त्यासाठी शुल्क लागत नाही. पोर्टलवर मिळणारा नोंदणी क्रमांक तेवढा लिहून ठेवावा.